न जमणाऱ्या गोष्टींचा तास

बाई वर्तमानपत्र आठ दिवस शिळं करून वाचत. आलेले अंक घडी न मोडता खिडकीत ठेवायचे आणि पुढच्या आठवड्याच्या रविवारी एकदम उघडायचे, असा त्यांचा नेम होता. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "आठ दिवसांत निम्म्या बातम्या आपोआप मिटतात. उरलेल्या वाचायला मग वेळ मिळतो."

पाथर्डी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत मी त्यांच्याबरोबर सहा वर्षं काढली. त्या मुख्याध्यापिका, मी उपशिक्षक, आणि शिपाई फक्त कागदावर. चार इयत्ता दोन खोल्यांत बसत. बाई लग्नाच्या भानगडीत पडलेल्या नव्हत्या. तिसगावात एकट्या राहत आणि रोज जीपने येत. पुढची सीट त्यांची. ड्रायव्हर त्यांना वचकून असे, कारण त्या सबंध रस्ताभर त्याच्या बंद पडलेल्या स्पीडोमीटरकडे बघत बसत. "बाई, त्यो बंद हाय," तो दर दोन-चार दिवसांनी सांगे. "माहीत आहे," बाई म्हणत आणि बघत राहत. गाडी आपोआप सावकाश चाले.

कौतुक करणं त्यांना जमत नसे. फळ्यावरचं गणित बरोबर आलं की त्या "बरं, पुढं" म्हणत, आणि चुकलं तरी "बरं, पुढं"च म्हणत. पहिल्या वर्षी मला हा कोरडेपणा वाटला. पोरांना तसं वाटत नसावं. ती बाईंच्या खोलीतून बाहेर पडताना कधी रडवेली दिसत नसत, माझ्या खोलीतून अधूनमधून दिसत. आणि मी तर शाबासकी सढळ हाताने वाटत होतो.

दर सोमवारी परिपाठ झाला की त्यांचा एक तास असे. वेळापत्रकात तो नव्हता. त्या अंगणात खुर्ची टाकून बसत आणि विचारत, "चला. आज कोणाला काय जमणार नाही?"

सुरुवात स्वतःपासून. "मला आज फळ्याच्या वरच्या ओळीत लिहायला जमणार नाही. खांदा धरलाय." मग चौथीतला एखादा उंच पोरगा ते काम घेई. त्यानंतर हात वर होऊ लागत.

"बाई, मला आज सातचा पाढा येनार न्हाई."

"बरं. कधी येईल?"

"बुधवारी."

"बुधवारी बघू. पुढं."

"बाई, मला घरी जाताना बंधाऱ्यावरून जायला जमनार न्हाई. तिथं कुत्री व्याली हाय."

"ह्याच्याबरोबर कोण जातंय?" तीन हात वर. "दोघं बास. तिघं गेलात तर कुत्री घाबरेल."

एकदा पहिलीतला एक जण उभा राहून म्हणाला, "मला कायच जमनार न्हाई." बाईंनी त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं. तो दुपारच्या सुट्टीपर्यंत तिथेच बसला, मग कंटाळून उठून खेळायला गेला. त्या संपूर्ण वेळात बाईंनी त्याची समजूत काढली नाही, 'तू शूर आहेस' म्हणाल्या नाहीत, गोष्टही सांगितली नाही. मी असतो तर तिन्ही केलं असतं आणि पोरगं संध्याकाळपर्यंत बसलं असतं.

या तासाची टिंगल मीही केली आहे. शिक्षकांच्या बैठकीत मी त्याला 'रडगाण्याचा तास' म्हणत असे आणि लोक हसत. बाईंच्या कानावर ते गेलं. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "सर, पोरांना काय जमतं ते घरच्यांना पक्कं माहीत असतं, तेच तर करून घेतात. काय जमत नाही ते विचारायला कुणाला सवड नाही. आपल्याला सोमवारी थोडी असते."

सवड नसण्याचं कारण गावाला होतं. दिवाळी झाली की आमचं गाव निम्मं होई. टेम्पो आणि ट्रॅक्टर येत, भांडीकुंडी, शेळ्या, चुली-सरपण सगळं त्यात चढे आणि माणसं ऊसतोडीला जात. कोणी श्रीगोंद्याकडं, कोणी पार कर्नाटकात. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं असत त्यांची मुलं मागं राहत. ज्यांच्या घरी तीही नसत त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह चाले. शब्द मोठा आहे. गावातली एक मावशी, दोन वेळचं जेवण आणि निजायला शाळेची दुसरी खोली, एवढंच ते होतं. पण त्या एवढ्यावर सात-आठ मुलं पाच महिने गावात टिकत.

त्यातली एक कोमल. चौथीत होती. आईबाप तोडीला, आजी दोन वर्षांपूर्वी गेलेली. पोरगी हुशार होती असं मी म्हणेन, बाई म्हणत, "बोलत नाही." सोमवारच्या तासात कोमलने तीन वर्षांत एकदाही हात वर केला नव्हता. बाई तिला कधी नावाने विचारत नसत, पण तासाच्या शेवटी तिच्याकडे बघून थोडा वेळ थांबत. कोमल खाली बघे. मग बाई खुर्ची उचलायला सांगत.

बाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू होतं तेव्हा 'मी खंबीर' अभियान आलं. मुलांमधला ताण सोसण्याचा आत्मविश्वास वाढवायचा, असा त्याचा हेतू. हेतूत वाईट काही नव्हतं, हेतूत सहसा नसतंच. तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. व्यासपीठावर गालाला माइक चिकटवलेला एक तरुण प्रशिक्षक होता. त्याने फुगा फुगवायला घेतला. फुगवत गेला, फुगवत गेला, आणि पुढच्या रांगेतल्या बाया कानात बोटं घालेपर्यंत थांबला नाही.

"हा ताण," तो म्हणाला. "प्रत्येक मुलाच्या मनात असा एक फुगा आहे."

बाईंनी हात वर केला. "फुंकतंय कोण?"

"मॅडम, हे प्रतीक आहे. फुगा मुलाच्या मनात आहे."

"ते कळलं. फुंकतंय कोण?"

प्रशिक्षकाने हसून चहाची सुट्टी जाहीर केली. सुट्टीनंतर आम्ही तीनशे शिक्षक मूठ वर करून "मी खंबीर! मी समर्थ!" असं ओरडलो. बाई बसून होत्या. केंद्रप्रमुखांनी मागून डिवचलं, "मॅडम, मूठ?" "खांदा धरलाय," बाई म्हणाल्या.

अभियानात एक प्रश्नावली होती. प्रत्येक मुलासाठी वीस विधानं, मोबाईलवर भरायची. 'अडचण आली तर मी शांत राहते.' 'मी माझे प्रश्न स्वतः सोडवू शकतो.' समोर तीन पर्याय: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. बाईंनी मोठ्या गांभीर्याने एकेका पोराला जवळ बसवून ती विचारायला घेतली. पहिल्याच विधानाला पोरगं विचारी, "कंची अडचन?" आणि बाई म्हणत, "बरोबर आहे. कोणती ते आधी ठरवू." दोन दिवसांत अडीच मुलं झाली. इकडे आमच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी माहिती न भरलेल्या शाळांची यादी लाल अक्षरांत येई आणि खाली केंद्रप्रमुखांचा हात जोडलेला बाहुला.

माहिती भरायच्या शेवटच्या दिवशी बाई रजेवर होत्या. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळे. मी टाकीच्या सावलीत बसलो आणि एकतीसच्या एकतीस मुलांचं भरून टाकलं. सगळीकडे 'नेहमी'. त्यामागे मुलांबद्दलचा विश्वास वगैरे काही नव्हता. 'कधीच नाही' दाबलं की खाली नवी चौकट उघडे: उपाययोजना लिहा, पालकभेटीचा फोटो जोडा. 'कधीकधी' दाबलं की अर्धी चौकट उघडे. 'नेहमी'ला काहीच उघडत नसे. तालुक्यातल्या प्रत्येक शिक्षकाला हे तिसऱ्या मुलापर्यंत कळलं असणार. मी तर पहिल्यालाच ओळखलं. सोळा वर्षं नोकरी झाली होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन पत्रं एकाच दिवशी आली. पहिल्यात आमची शाळा तालुक्यात सर्वांत खंबीर ठरल्याबद्दल अभिनंदन होतं. सत्काराला पाहुणे येणार, मुलांची तयारी ठेवावी. दुसरं पत्र वसतिगृहाच्या प्रस्तावावर होतं. सदर शाळेतील विद्यार्थी ताण हाताळण्यास स्वयंपूर्ण असल्याचे दिसून येते, सबब या हंगामात वसतिगृहाची आवश्यकता वाटत नाही.

बाईंनी दोन्ही पत्रं वाचली, चष्मा काढला.

"सर, तो फॉर्म कोणी भरला?"

"मी."

"किती वेळ लागला?"

"चाळीसेक मिनिटं."

त्यांनी तोंडी हिशेब केला. "एकेका पोराला सव्वा मिनिट," त्या म्हणाल्या, आणि पत्रं फाइलला लावली. पुढे आयुष्यात त्यांनी हा विषय माझ्याजवळ काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

मी दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. माहिती चुकीची भरली गेली, दुरुस्त करायची आहे, असं टेबलापलीकडच्या साहेबांना सांगितलं. साहेब वाईट नव्हते, दमलेले होते. म्हणाले, "सबमिट झाल्यावर दुरुस्तीची सोयच नाही हो, सर. आणि समजा केली. मग सत्काराचं काय करायचं? पाहुण्यांनी तारीख दिलीय."

तेव्हा तयारी सुरू झाली. ती मीच घेतली. बाईंनी सोमवारचा तास सोडून बाकी दिवस माझ्या हवाली केले होते. दहा दिवस रोज परिपाठाला पोरं मुठी वर करून ओरडत. आवाज चांगला लागला. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडलं. मागं राहिलेल्या मुलांची सोय तोवर कशीबशी लागत होती. कोणी आत्याकडे, कोणी चुलत्याकडे. कोमलचं कुठेच जमेना. तिच्या बापाने सत्काराच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो ठरवला होता, आणि त्यात तीही जाणार होती.

सत्कार थाटात झाला. शाल, नारळ, फेटे. पाहुण्यांनी भाषणात आमच्या मुलांना पोलादी म्हटलं. पोरं ऊन लागतंय म्हणून डोळे बारीक करून बसली होती. बाईंना आभार मानायला उठवलं. त्यांनी माइक बाजूला सारला, पाहुण्यांकडे पाठ केली आणि रोजच्या आवाजात विचारलं, "आज कोणाला काय जमणार नाही?"

एकही हात वर झाला नाही. पोरांनी आधी बाईंकडे बघितलं, मग फेटेवाल्यांकडे आणि मग माझ्याकडे. दहा दिवस मी जिथे उभा राहून इशारा देत असे तिथेच त्या वेळी उभा होतो. पहिल्या रांगेत कोमल होती. तिने माझा चेहरा पाहिला, काय पाहिलं कुणास ठाऊक, आणि मूठ वर केली. "मी खंबीर!" बाकीच्यांनी उचललं, "मी समर्थ!" टाळ्या पडल्या. पाहुणे मागून म्हणाले, "वा, मॅडम! काय युक्तीने प्रश्न विचारला!"

बाई खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी टेम्पो कोमलला घेऊन श्रीगोंद्याकडे गेला.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, बाई म्हणाल्या, "मी उद्या श्रीगोंद्याला जातेय. तुम्हाला यायचं तर या." एवढंच. मी गेलो. आधी नगर, मग श्रीगोंदा, मग एका टमटममधून कारखान्याच्या बाजूला. उसाच्या पाचटाच्या कोप्या, तोडकऱ्यांच्या झोपड्या, ओळीने उभ्या होत्या. मोठी माणसं सगळी ऊस तोडायला फडात. कोप्यांमध्ये पोरंच पोरं, आणि प्रत्येक मोठ्या पोराच्या कमरेवर एक लहान पोर.

कोमलच्या कमरेवर तिचा वर्षाचा भाऊ होता. आम्हाला बघून ती लाजली, गडबडीने एक पोतं अंथरलं, आणि चहा ठेवू का विचारलं, अगदी घरधनीण.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"बरं हाय की, सर. समदं जमतंय."

बाई पोत्यावर बसल्या. पाय पसरले, चप्पल काढली, घोटे चोळले. मग म्हणाल्या, "कोमल, मला इथून परत रस्त्यापर्यंत चालायला जमणार नाही बघ. गुडघे गेले. आणि ह्या सरांना माझ्याशी बोलायला जमत नाही. वाटेत गप्पच होते."

कोमल हसली. मग तिने तोंड फिरवलं आणि भावाला दुसऱ्या कमरेवर घेतलं. पोर किरकिर करायला लागलं.

"बाई," ती तिकडेच बघत म्हणाली, "ह्यो रडाया लागला ना, लई रडतो, गपच बसत न्हाई. तवा मला त्याला खाली टाकावं वाटतं. जोरात." आणि लगेच, घाईघाईने, "टाकलं न्हाई कदी. आयशप्पत. पर वाटतं."

मी तोंड उघडलं होतं. असं म्हणू नये, तू किती चांगली ताई आहेस, असलं काहीतरी माझ्या तोंडात तयार होतं. सोळा वर्षांची सवय. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडं त्याला."

ज्या बाईंना मी कधी कुणाचं मूल उचलताना पाहिलं नव्हतं, त्यांनी ते पोर घेतलं. धरलंही बरोबर नव्हतं, दप्तर धरावं तसं. कोमल रिकाम्या हाताने उभी राहिली. हात कुठे ठेवायचे तिला कळेना. थोड्या वेळाने ती कोपीत गेली आणि आडवी झाली. दोन मिनिटांत झोपली.

दुपारी तिची आई फडातून आली. बाईंनी तिला कोमलचं बोलणं सांगितलं नाही. "हिला मी नेते," म्हणाल्या. "माझ्याकडं राहील. शाळा बुडायला नको."

आई गवताची पेंडी टाकून उभीच राहिली. "न्या की, बाई. मला काय ती जड झालीय व्हय? पर ह्याला कोन बगनार? फडात न्हेला तर पाचटात साप निगत्यात."

"ह्यालाही नेते."

आई हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अवो, त्ये अंगावर पितंय अजून! तुमी काय पाजनार?"

बाईंनी चप्पल पायात सरकवली. अंगावर पिणाऱ्या पोराची चौकट वरच्या ऑफिसातल्या फॉर्मातही नव्हती. आम्ही दोघं परत आलो. त्यांनी मान्य केल्याप्रमाणे रस्त्यापर्यंतचं अंतर त्यांना जमलं नाही. कोमलच्या आईने एका बैलगाडीवाल्याला हाक मारून त्यांना बसवून दिलं.

पुढच्या रविवारी बाई पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्याही. तीन गाड्या बदलून जायचं, अकरा ते चार ते पोर सांभाळायचं आणि तीन गाड्या बदलून यायचं. मला वाटलं पुस्तकं नेत असतील, अभ्यास घेत असतील. "छे," त्या म्हणाल्या, "पोर धरते. ती काय करायचं ते तिची ती करते." काय करते? "झोपते." चार रविवार कोमल नुसती झोपली. पाचव्याला उठून कोपीच्या दारात बसून राहिली. सहाव्याला कोप्यांमधल्या पोरींच्यात गेली.

मी आणखी दोनदा गेलो. मग माझ्या घरची कारणं निघाली, जनगणना निघाली, निवडणुकीची ड्यूटी निघाली. बाईंनी कधी विचारलं नाही. त्यांच्या खिडकीत शिळ्या वर्तमानपत्रांची चळत वाढत चालली होती, कारण ती वाचायचा त्यांचा वार रविवार होता.

हंगाम संपत आला तेव्हा मी अखेरचा गेलो. ऊन कडक होतं. बाई कोपीच्या सावलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, पोर त्यांच्या मांडीवर गाढ झोपलं होतं, आणि आता त्या ते व्यवस्थित धरत होत्या. त्या दिवशी फड लवकर सुटला होता. कोमलची आई बाहेर भांडी घासत होती. पलीकडे पोरींचा लंगडीचा डाव रंगला होता. एकाएकी तिकडून आरडाओरडा झाला, आणि कोमल धावत आली. केस विस्कटलेले, गुडघा मातीने माखलेला. ती मोठ्याने रडत होती. भोकाड पसरून, नाक गळेपर्यंत. आजूबाजूच्या कोप्यांतली माणसं बाहेर डोकावली.

आई हातातलं पातेलं टाकून उठली. "काय झालं गं? पडली? कुनी मारलं?"

"मला नव्हतं व्हायचं आऊट!" कोमल किंचाळली. "त्या लबाडी करत्यात! मला न्हाई जमत लंगडी! मी न्हाईच खेळनार!"

"अगं, एवढंसं कारन, आन् येवढी मोठी घोडी—"

"रडू द्या तिला," बाई म्हणाल्या. मांडीवरचं पोर जागं होऊ नये म्हणून हळूच म्हणाल्या. "काही नाही. हरलीय."

कोमल त्यांच्या शेजारी बसून बराच वेळ रडली. बाई समोर बघत बसल्या होत्या. सत्काराच्या शालीत त्या जितक्या अवघडलेल्या दिसल्या होत्या तितक्याच त्या सावलीत ऐसपैस दिसत होत्या. रडणं ओसरलं तसं कोमलने फ्रॉकने नाक पुसलं, थोडा वेळ डावाकडे बघितलं, आणि पुन्हा तिकडे गेली.